प्लॅनेटरी गिअरचं मॉडेल: सन गिअरला मोटर लागली

मॉडेल आता नुसतं हाताने फिरवायचं राहिलं नाही. मधोमध सन गिअर, त्याभोवती फिरणारे प्लॅनेट, त्यांना धरणारा कॅरिअर आणि बाहेर आतून दात असलेली रिंग, असा हा प्लॅनेटरी सेट. सनच्या शाफ्टवर मोटर बसली, आणि टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड गाडीच्या आत इंजिनाची ताकद कशी वाटली जाते ते टेबलावर डोळ्यांना दिसायला लागलं.

आधी मापं, कारण बनवायला बसलेल्यांना तीच लागतात. सन गिअर ३० दात, रिंग ७८ दात. टोयोटाने १९९७ च्या पहिल्या प्रियसमध्ये हेच आकडे ठेवले होते. ७८ वजा ३०, भागिले दोन, म्हणून माझे प्लॅनेट २४ दातांचे. मॉड्यूल (दर दातामागे व्यासाचे मिमी) २ धरलं की सनचा पिच व्यास, म्हणजे दात एकमेकांत बसतात तिथला व्यास, ६० मिमी आणि रिंगचा १५६ मिमी येतो. ३० आणि ७८ ची बेरीज १०८. तिला चाराने पूर्ण भाग जातो, त्यामुळे चार प्लॅनेट सारख्या अंतरावर बसतात. अ‍ॅक्रिलिक जळगाव एमआयडीसीत लेझरवर कापून घेतलं, बेअरिंग ६०८ नंबरचे. लेझरची कड किंचित तिरपी येते. म्हणून सन आणि रिंग एका बाजूने सुलटे ठेवा आणि प्लॅनेट पालथे. तिरपेपणा एकमेकांत जिरतो, दात पूर्ण जाडीभर टेकतात.

आता मुद्द्याचं. प्लॅनेटरी सेट गाडीत काही आजचा नाही. १९०८ च्या फोर्ड मॉडेल टी मध्ये तो होता, पायाने पट्टा आवळून चालणारा. जनरल मोटर्सने १९३९ मध्ये हायड्रा-मॅटिक हा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जाहीर केला आणि १९४० च्या ओल्ड्समोबाइलमध्ये दिला: पुढे इंजिन तेलाने जोडणारं फ्लुइड कपलिंग, मागे चार स्पीड, आणि पट्टे-क्लच आवळायचं काम तेलाच्या दाबाकडे. १९४८ च्या ब्यूक डायनाफ्लोने टॉर्क कन्व्हर्टर आणला, म्हणजे तेलातूनच टॉर्क (फिरवण्याचा जोर) वाढवणारं कपलिंग. पण या सगळ्यांत एक गोष्ट सारखी. सन, कॅरिअर, रिंग या तिघांपैकी एकाला धरून ठेवायचं किंवा दोघांना एकत्र बांधायचं, तेव्हा एक ठरावीक स्पीड मिळतो. माझ्या मते प्रियसची खरी झेप बॅटरीत नाही, इथे आहे. त्यात कोणालाच कायमचं धरत नाहीत.

इंजिन कॅरिअरवर, एमजी-१ (पहिला मोटर-जनरेटर) सनवर, एमजी-२ (दुसरा) आणि चाकं रिंगच्या बाजूला. इंजिनाचा टॉर्क दातांच्या हिशोबाने वाटला जातो: १०८ मधले ७८ भाग रिंगला, म्हणजे ७२ टक्के, आणि उरलेले २८ टक्के सनला. वाटा कायम तोच, बदलतो फक्त वेग. गाडी उभी असेल आणि इंजिन १००० आरपीएमवर असेल, तर सन ३६०० वर. इंजिन बंद आणि गाडी बॅटरीवर चालली, तर सन रिंगच्या २.६ पट वेगाने उलटा.

मॉडेलमध्ये इंजिनाच्या जागी ड्रिल मशीन लावलं. रिंगभोवती सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून बांधली, ती रस्त्याची ओढ. सनवर जुन्या झेरॉक्स मशीनमधली डीसी मोटर, तिच्या तारांना स्कूटरच्या इंडिकेटरचा बल्ब. बल्ब काढला की सन भणाणत फिरतो आणि रिंग जागची हलत नाही. बल्ब बसवला की तो पेटतो, सन जड होतो आणि रिंग सावकाश निघते. दोन्ही तारा एकमेकींना टेकवल्या की रिंग जोरात. ना पट्टा, ना क्लच, ना तेल. वीज किती ओढायची एवढ्यावर गिअर ठरतो! मी तारा टेकवायच्या, सोडायच्या, पुन्हा टेकवायच्या, असं कितीतरी वेळ करत बसलो होतो.

अजिंठा चौफुलीजवळचे ओळखीचे मिस्त्री बघायला आले. वाकून चारी बाजूंनी पाहिलं आणि म्हणाले, "भाऊ, यामा गेर कोठे शे?" मी तारा त्यांच्या हातात दिल्या. तारा टेकवल्या, रिंग पळाली, आणि पुढचा प्रश्न त्यांनी लगेच काढला: मग या बल्बात गेलेली ताकद वायाच की? अगदी बरोबर. खऱ्या गाडीत ती वीज इन्व्हर्टरमधून एमजी-२ कडे जाते आणि रिंगला मागून रेटते. सीव्हीटी म्हणजे ठरावीक पायऱ्यांशिवाय सलग बदलणारा गिअर; टोयोटाच्या इनोव्हा हायक्रॉसवर ई-सीव्हीटी (त्याचा विजेवरचा प्रकार) वाचून पट्टा-पुली शोधणाऱ्यांसाठीही हेच उत्तर. पट्ट्याचा सीव्हीटी वेगळा, डॅफने १९५८ मध्ये आणलेल्या व्हेरिओमॅटिकच्या घराण्यातला.

पुढचं काम तेच: बल्ब काढून दुसरी मोटर रिंगला जोडायची. त्यानंतर कन्नड घाटातला उतार. बॅटरी भरली की ब्रेकने तयार झालेली वीज ठेवायला जागा उरत नाही, तेव्हा प्रियसच्या लिव्हरवरची 'बी' जागा एमजी-१ कडून बंद इंजिन फिरवून घेते आणि गाडीला आवर घालते. टेबलावर ते दाखवायचं तर ड्रिलच्या जागी फिरवायला जड असं काहीतरी लागेल. छोट्या एअर कॉम्प्रेसरचं हेड मनात आहे. कोणाकडे भंगारातलं पडून असेल तर कळवा, धुळे-भुसावळपर्यंत येऊन घेऊन जाईन.