चावी उशिरा आली त्या रविवारी

डिजिटल सिनेमा आल्यापासून थिएटरच्या ऑपरेटरला फिल्म तुटण्याची भीती उरली नाही. आता भीती एकच, ‘की’ची. हार्ड डिस्कवर आलेला सिनेमा सर्व्हरमध्ये चढवला तरी तो कुलूपबंदच असतो. त्याची केडीएम, म्हणजे आमच्या बोलण्यातली ‘की’, ईमेलने वेगळी येते. ती ठरलेल्या तारखांपुरतीच चालते, आणि सर्व्हरमधल्या ज्या बोर्डासाठी काढली त्याच बोर्डावर. शेजारच्या पडद्याचा सर्व्हरही तिला ओळखत नाही.

२९ मे २०१६चा रविवार. आमचं थिएटर दोन पडद्यांचं. एकावर ‘सैराट’ महिनाभर ठाण मांडून बसलेला, त्याला हलवायची कुणाची छाती नव्हती. दुसऱ्यावर ‘द अँग्री बर्ड्स मूव्ही’. संध्याकाळी आयपीएलची फायनल होती, म्हणून बाप मंडळींनी पोरांना सकाळच्याच खेळाला आणलं होतं. हाउसफुल्ल.

शनिवारी रात्री याच पडद्याच्या सर्व्हरचा बोर्ड गेला होता. कंपनीचा इंजिनिअर आला, नवा बोर्ड बसवला, ट्रेलर लावून बघितला आणि गेला. ट्रेलरला कुलूप नसतं! नव्या बोर्डासाठी नवी की मागवायला हवी, हे त्याने ना आम्हाला सांगितलं, ना वितरकाला कळवलं. सकाळी जाहिराती झाल्या, राष्ट्रगीत झालं, सगळे खाली बसले आणि पडदा काळाच राहिला.

वितरकाच्या माणसाला फोन लावला. तो म्हणाला, “नव्या बोर्डाचं सर्टिफिकेट पाठवा, तासाभरात देतो.” रविवारी सकाळी तासाभरात म्हणजे नशीबच म्हणायचं. पण खाली तीनेकशे पोरं होती. मालक केबिनमध्ये येऊन “पैसे परत करू या का?” असं विचारत होते, चेहरा मात्र ‘करू नका’ असा.

ज्या गेमवरून हा सिनेमा निघाला, तो ‘अँग्री बर्ड्स’ कॅन्टीनवाल्याच्या टॅबवर होता. २००९ साली फिनलंडच्या रोव्हिओने काढलेला, गलोलीतून पक्षी फेकून डुकरांची घरं पाडायचा. कंपन्यांच्या बैठकांना प्रोजेक्टरला लॅपटॉप जोडतो ती वायर माझ्याकडे होती. टॅब जोडला, आणि चाळीस फुटी पडद्यावर लाल पक्षी गलोलीत बसला. खालून जो आरडाओरडा झाला तो केबिनच्या जाड काचेतून ऐकू आला.

वायर आखूड, त्यामुळे टॅब केबिनमध्येच ठेवावा लागला. डोअरकीपर मामा एकेका पोराला जिना चढवून आणायचे. पोरगं काचेतून पडद्याकडे बघत बोट ओढायचं. आधीच्या फेकीची ठिपक्यांची रेघ पडद्यावर राहते, ती बघून सगळं थिएटर “वर! अजून वर!” ओरडायचं. आवाजाची वायर जोडलेली नव्हती. गलोल सुटण्यापासून डुकराच्या चित्कारापर्यंत सगळं संगीत पोरांनीच दिलं. पिवळा पक्षी मधेच टिचकी मारली की सुसाट सुटतो. एका मुलीने ती टिचकी इतकी उशिरा मारली की पुढच्या रांगेतले एक आजोबा उठून उभे राहिले. ते आजोबा नंतर स्वतः वर आले, पण मामांनी त्यांना वयोमर्यादा सांगून परत पाठवलं.

की आली, पेन ड्राइव्हवरून चढवली, सिनेमा सुरू झाला. मी तो आदल्या दोन दिवसांत तुकड्या-तुकड्यांत पाहिला होता आणि मला तो जरा लांबलेलाच वाटला होता. गेममध्ये डुकरं अंडी चोरतात, पक्षी चिडतात, संपलं. सिनेमाला दीड तास भरायचा, म्हणून रेड, म्हणजे तो लाल पक्षी, आधीपासूनच रागीट, त्याला राग आवरायच्या वर्गाला धाडलेलं, मग डुकरांचं जहाज, त्यांची गोड बोलणी. गेममधल्या गोळ्यांसारख्या पक्ष्यांना इथे हातपाय आलेत, आणि पाय आले की गोष्ट चालवावी लागते. त्या वर्गाच्या विनोदांना मोठी माणसं जास्त हसत होती. टेरेन्स नावाचा धिप्पाड पक्षी नुसता गुरगुरतो. ती गुरगुर शॉन पेनची आहे, याचं पोरांना काय!

गलोलीचा खरा हल्ला शेवटच्या भागात येतो. आदल्या खेळांना तिथे टाळ्या पडल्या होत्या. या खेळाला पोरं पडद्याला सूचना द्यायला लागली. “खाली घे, खाली!” एक पक्षी नेम चुकून भिंतीवर आपटला तेव्हा अख्ख्या थिएटरने कळवळून “अरे यार” केलं, जणू टॅब अजून वर त्यांच्याच कुणाच्या हातात होता. सिनेमात पुढे काय होणार ते ठरलेलं आहे, हे त्या खेळापुरतं कुणी मानलंच नाही.

पुढचा खेळ उशिरा लागला, जाहिराती कापाव्या लागल्या. सुटलेल्या पोरांनी गेटवरच्या पोरांना सगळं सांगितलेलं. आत येताच ओरडा सुरू, “आधी गेम लावा!” मालक लगेच म्हणाले, “लावा की दहा मिनिटं, फुकटची जाहिरात.”

मी टॅब शोधला, तर तो मामांकडे. जिन्यात बसून खेळत होते.

“मामा, द्या इकडे.”

“थांबा भाऊ,” ते मान वर न करता म्हणाले, “एकच डुक्कर राहिलंय.”