सांगलीला पायपेटी ऐकायला

ऑर्गन म्हटलं की चर्चमधली ती उंच नळ्यांची भिंत आठवते. सांगलीकडे ऑर्गन म्हणजे पायपेटी. नळी एकही नाही, आत पितळेचे सूर (म्हणजे हवेने थरथरून वाजणाऱ्या जिभल्या, रीड; पेटीवाले त्यांना सूरच म्हणतात). दोन्ही पायांनी भाता चालवायचा, म्हणजे दोन्ही हात पट्ट्यांवर मोकळे. संगीत नाटकात ही पेटी रंगमंचाच्या पुढ्यात बसून गायकनटाला साथ करणारी. डिसेंबरात एका कॉलेजच्या सभागृहात नुसतं पायपेटीवादन आहे, असं मिरजेच्या आत्याने कळवलं, तेव्हा मी लगेच पुण्याहून निघाले.

सगळ्यात महत्त्वाचं आधी सांगते: पहिल्या रांगेत मधोमध बसू नका. मी बसले आणि पाऊण तास पेटीची लाकडी पाठ आणि वर वादकाचं टक्कल एवढंच बघितलं. मध्यंतरात आत्याने उठवलं, "अगं, पाय दिसतील अशी बस!" डाव्या कडेला, दुसऱ्या रांगेत गेलो आणि मैफलच बदलली. पाय आळीपाळीने, अगदी संथ. तान चढायला लागली की गुडघा अलगद बाजूला जाऊन एक लाकडी पट्टी ढकलायचा आणि आवाज फुगायचा. पट्ट्यांच्या वर असलेल्या खुंट्या ओढल्या की स्वराचा पोतच वेगळा.

हार्मोनियमचा भाता हवा बाहेर ढकलतो, पायपेटीचा आत ओढतो. आवाज मऊ येतो तो त्यामुळे. पण हवेबरोबर धूळही आत जाते, आणि तसंच झालं. दुसऱ्या रागात मधल्या सप्तकातला कोमल गंधार मुका झाला. वादकाने दोनदा पट्टी दाबून बघितली, मग शांतपणे उठून मागची फळी काढली, वाकवलेल्या तारेने तो सूर खेचून बाहेर घेतला, फुंकर मारली, परत सरकवला. दहा मिनिटं गेली असतील. एकही माणूस उठला नाही. गंधार बोलल्यावर टाळ्या मात्र रागाला पडल्या त्यापेक्षा जास्त.

मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, या वाद्यावर निघत नाही, हार्मोनियमवरही नाही. आकाशवाणीने 1940 ते 1971 हार्मोनियमला दार बंद ठेवलं, त्यामागे हेही एक कारण होतं. हा वादक पहिली पट्टी सुटायच्या आत दुसरी धरायचा, त्यामुळे कानाला मींड असल्यासारखं वाटायचं. चलाखीच ती, पण मला आवडली. तक्रार एकच: माइक इतका खाली लावला होता की भात्याची खटखट सगळीकडे ऐकू येत होती.

जायचं कसं? लांब पल्ल्याच्या बऱ्याच गाड्या मिरज जंक्शनला थांबतात. तिथून सांगली आठ-दहा किलोमीटर, बस आणि रिक्षा दोन्ही मिळतात. येतानाचं आधी ठरवून ठेवा, कार्यक्रम दहाला संपला आणि आम्हाला रिक्षावाल्याची मनधरणी करावी लागली. थंडीत स्वेटर हवाच.

दुसरा दिवस हाताशी ठेवा. 1843 साली विष्णुदास भाव्यांनी सीता स्वयंवर हे नाटक केलं ते याच सांगलीत, म्हणून तिला नाट्यपंढरी म्हणतात. सकाळी कृष्णाकाठचं गणपती मंदिर करा आणि मग मिरजेची सतारमेकर गल्ली. भोपळ्याचा तुंबा तासताना, त्यावर नक्षी काढताना समोर उभं राहून बघता येतं. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. कारागिराला पायपेटीबद्दल विचारलं तर तो हसून म्हणाला, "ते वाऱ्याचं काम, आमचं तारेचं."

भडंग घ्यायला विसरू नका. मी दोन पाकिटं घेतली होती, पुण्यापर्यंत एकच पोहोचलं.