क्लनॉग व्हाउर : संत बेनोच्या गावी

कर्नार्व्हनहून पुल्हेलीकडे निघालं की उजव्या हाताला समुद्र, डाव्या हाताला डोंगर. मध्ये मूठभर घरांचं क्लनॉग व्हाउर लागतं. गाव एवढंसं आणि चर्च मात्र भलंथोरलं! वेल्सच्या वायव्य टोकाला हे एवढं दगडी काम कशासाठी? तर संत बेनोसाठी, सातव्या शतकात इथे मठ उभारणाऱ्या वेल्श संतासाठी. बार्डसी बेटाकडे निघालेले यात्रेकरू इथे थांबत. आजची इमारत १५व्या-१६व्या शतकातली. बेनो गेला तो सुमारे ६४० मध्ये.

त्याच्या चरित्रातली एक गोष्ट मला फार प्रिय आहे. कॅडवालन राजाने त्याला मठासाठी जमीन दिली. बदल्यात बेनोने साठ गाईंच्या मोलाचा सोन्याचा राजदंड दिला. काम सुरू झालं, तोच एक बाई तान्हं बाळ घेऊन आली. बाळ रडायचं थांबेना. ही जमीन याच्या बापाची, ती म्हणाली. बेनो तडक राजाकडे गेला : दुसरी जमीन दे, नाहीतर राजदंड परत कर. राजा बधला नाही. बेनो त्याला शाप देऊन निघाला, तेव्हा राजाचाच चुलतभाऊ ग्विडाइंट मागून धावत आला आणि त्याने ही क्लनॉगची जमीन दिली. बेनोने मुंडकं उडवलेल्या ग्वेनफ्रेवी या तरुणीला जिवंत केलं, ही कथा जास्त प्रसिद्ध आहे. पण लेकराच्या हक्कासाठी राजाशी भांडणारा बेनो मला त्याहून मोठा वाटतो.

आत गेल्यावर मी सर्वांत जास्त वेळ रेंगाळले ती त्याच्या पेटीपाशी. अ‍ॅश झाडाच्या एका अखंड ओंडक्यातून कोरून काढलेली, काळपट, लोखंडी पट्ट्या मारलेली ओबडधोबड पेटी. कानाला जन्मजात खाच असलेलं कोकरू किंवा वासरू बेनोचं मानलं जाई. आपल्याकडे देवाच्या नावाने जनावर सोडतात, तसंच. पण इथे ते विकून पैसे या पेटीत पडत. अशक्य गोष्टीला इकडे ‘बेनोची पेटी फोडण्याइतकं कठीण’ म्हणत.

मनोऱ्याच्या बाजूने एक अरुंद, अंधारी वाट बेनोच्या समाधीच्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या प्रार्थनाघरात, जाते. तिथे आता समाधी दिसत नाही. आधी गावाबाहेरच्या बेनोच्या झऱ्यात स्नान, मग लव्हाळी अंथरून रात्रभर समाधीवर झोप, असा आजाऱ्यांचा रिवाज होता. १८व्या शतकात प्रवासी थॉमस पेनंट इथे आला, तेव्हा त्याला समाधीवर पिसांची गादी दिसली. मेरियोनेथहून आलेला एक पांगळा माणूस झऱ्यात अंघोळ करून तिच्यावर रात्रभर झोपला होता. १६व्या शतकातल्या प्रोटेस्टंट धर्मसुधारणेला तेव्हा दोन शतकं उलटून गेली होती, संतांची पूजा अधिकृतपणे कधीच बंद झाली होती. तरी लोक येतच होते.

झरा रस्त्याच्या कडेलाच आहे, दगडी भिंतींच्या चौकोनी कुंडात. चर्चपासून चालत अगदी जवळ; क्लनॉगला गेलात तर तो चुकवू नका.