गार्दोनेची नळी

जुनी इटालियन बंदूक हातात आली की लोक आधी दस्त्यावरचं नक्षीकाम बघतात. माझं म्हणणं, आधी नळी बघा. खरी कारागिरी तिथे आहे.

ब्रेशियाच्या उत्तरेला व्हाल त्रोम्पिया हे खोरं. डोंगरात मँगेनीज असलेलं लोहखनिज, कोळशाला जंगल, भाते आणि घण चालवायला मेल्ला नदीचं पाणी. इथल्या गार्दोने गावच्या बार्तोलोमेओ बेरेत्ताला व्हेनिसच्या शस्त्रागाराने १५२६ मध्ये १८५ नळ्यांचे २९६ डुकाट (व्हेनिसचं तेव्हाचं चलन) दिले, म्हणजे नळीमागे १.६ डुकाट. हा दर नुसत्या नळीचा, अख्ख्या बंदुकीचा नव्हे.

नळी घडायची ती लोखंडाच्या लांब पट्टीतून. कडा ठोकून पातळ करायच्या, पट्टी लांबीत वळवून कडेवर कड चढवायची आणि आत सळई घालून सांधा ठोकायचा. एका तावात, म्हणजे एकदा तापवल्यावर, जेमतेम वीतभर सांधा होतो; मग पुन्हा भट्टी. सळई लगेच ओढून काढावी लागते, नाहीतर नळी थंड होताना तिला आवळून धरते. ताव कमी पडला तर कडा वरवर चिकटतात आणि मधे लोखंडाची मळी, म्हणजे भट्टीतला कचरा, अडकते. बाहेरून काही कळत नाही, बार उडाला की नळी त्याच रेषेत उकलते. ताव जास्त झाला तर लोखंड जळून ठिसूळ होतं. हा ताव लोहार डोळ्यानेच ओळखायचा.

छिद्र मुद्दाम लहान ठेवलेलं असे. पुढे पाणचक्कीवरच्या बरम्याने ते टप्प्याटप्प्याने मोठं करत. बरमा एका बाजूला सरकला तर तिकडची भिंत पातळ होते, आणि हा दोष नंतर दुरुस्त होत नाही. मग नळी सरळ करणं, बाहेरून सहाणेवर घासणं, मागचं तोंड आट्यांच्या मेखेने बंद करणं. हे वेगवेगळ्या कारागिरांचं काम. मागे दारूचा दाब सर्वांत जास्त, म्हणून तिथे भिंत जाड; तोंडाकडे ती निमुळती होत जाते.

ही भिंत बेतशीर पातळ ठेवण्यात सतराव्या शतकातल्या गार्दोनेच्याच कोमिनाझ्झो घराण्याचा हात धरणारा कोणी नव्हता. त्यांच्या नळ्या हलक्या, तरी भक्कम. ‘लाझारिनो कोमिनाझ्झो’ या नावाला एवढा भाव आला की इतर ठिकाणचे कारागीरही ते आपल्या नळ्यांवर कोरू लागले. म्हणून नुसत्या नावावर विसंबू नका. नळीच्या तोंडाशी भिंतीची जाडी चारही बाजूंनी मोजा, आणि आतून उजेड धरून सांध्याची रेघ कुठे उघडी पडली आहे का ते तपासा.