तिसरी-चौथीचा संघ आणि नवखा वस्ताद

अमेरिकेत, आमच्या ओहायोत हिवाळ्यात पाच-साडेपाचलाच अंधार पडतो आणि पोरं घरात कोंडली जातात. बास्केटबॉलचा जन्मच या अडचणीतून झालाय. 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डला जेम्स नायस्मिथ या शिक्षकानं, थंडीत बाहेर खेळता न येणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी हॉलमध्ये पीचच्या दोन टोपल्या ठोकल्या, 13 नियम लिहिले आणि खेळ सुरू केला. टोपल्या 10 फुटांवर, कारण तिथल्या गॅलरीचा कठडा तेवढ्या उंचीवर होता. बाकी त्यात शास्त्रबिस्त्र काही नव्हतं. एवढं लक्षात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

आमच्या गावातल्या मुलांच्या लीगमध्ये कोच म्हणजे पालकच, तेही बिनपगारी. लेकीचं नाव घालताना फॉर्मवर 'कोच व्हाल का?' असा चौकोन होता, त्यात मी टिक केली. कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत वाढलेला माणूस मी, फुटबॉल अंगात भिनलेला. बास्केटबॉल शाळेत कधीमधी हातात आला तेवढाच. लीगवाल्यांनी आधी माझं पोलीस रेकॉर्ड तपासलं. मग पोराच्या डोक्याला मार लागला तर काय करायचं, याचा ऑनलाइन कोर्स करून घेतला. खेळ येतो का, हे कुणी विचारलंच नाही. तेव्हा गंमत वाटली होती. आता वाटतं, क्रम बरोबरच आहे.

सराव आठवड्यातून एक तास, तोही शाळेच्या अर्ध्या हॉलमध्ये. उरलेल्या अर्ध्यात दुसरा संघ. तिथले कोच पन्नाशीचे, फारसं न बोलणारे. खरं शिक्षण मला त्यांच्याकडं बघून मिळालं. त्यांच्याकडं कधी रांग लागायची नाही. दहा पोरं एका रिंगसमोर रांगेत उभी केली की एकेकाला शॉट मिळतो तासाभरात मोजून थोडे, बाकी वेळ ढकलाढकली. ते प्रत्येकाच्या हातात चेंडू द्यायचे आणि शिवाशिवी लावायचे. स्वतःचा चेंडू टप्पे देत सांभाळायचा आणि दुसऱ्याचा हातानं उडवायचा. 'मान वर ठेवा' असं ओरडायला लागत नाही. मान खाली घातली की चेंडू गेलाच.

ले-अपला, म्हणजे पळत येऊन रिंगजवळ उडून चेंडू टाकायला, मात्र वेळ द्यावाच लागतो. उजव्या हाताच्या पोराची शेवटची दोन पावलं उजवं, मग डावं. डाव्यावरून उडायचं आणि उजवा गुडघा उजव्या हाताबरोबर वर. सांगायला सोपं, पण निम्मी पोरं नेमक्या उलट्या पायावर उडतात. मग चेंडू काढून घ्यायचा, रिंगपासून एका पावलावर उभं करायचं आणि नुसतं डाव्या पायावर उडून हात वर करायला लावायचं. ते जमलं की एक पाऊल मागं. चेंडू सगळ्यात शेवटी. आमच्यातली एक पोरगी हे स्वतःशी पुटपुटत करायची, 'राइट, लेफ्ट, अप'. ती पुटपुटायची थांबली त्या दिवशी तिला ते आलं होतं.

शनिवारी मॅच. प्रत्येक पोराला सारखा वेळ खेळवायचं, हा लीगचा नियम. झोन डिफेन्सला, म्हणजे माणूस न धरता नुसती जागा अडवायला, बंदी; ज्यानं-त्यानं आपापला माणूस धरायचा. कारण सरळ आहे: या वयात लांबून शॉट पोचत नाही, त्यामुळं पाच जण रिंगखाली हात वर करून उभे राहिले की मॅच जिंकता येते आणि डिफेन्स मात्र कुणीच शिकत नाही. एनबीए ही इथली व्यावसायिक लीग आणि यूएसए बास्केटबॉल ही इथली राष्ट्रीय संघटना, यांच्या शिफारशीही अशाच आहेत: 9 ते 11 वयाला झोन नको, चेंडू लहान, 5 नंबरचा, रिंग 9 फुटांवर.

कोल्हापुरातल्या आमच्या आण्णांना हे पटत नाही. त्यांची हयात शाहू स्टेडियमवर पेठांच्या फुटबॉल मॅचेस बघण्यात गेली. शनिवारी व्हिडिओ कॉलवर पहिला प्रश्न, "जिंकला न्हवं?"

"हरलो, आण्णा. पण सगळी पोरं सारखी खेळली."

"मग? सारखी खेळली म्हणून चांदीची गदा देत्यात व्हय रं?"

पेठेचा संघ उतरतो तो पेठेच्या नावासाठी, तिथं आण्णांचंच खरं. पण तालमीत तरी बारक्या पोराला मोठ्या पैलवानासमोर कोण उभं करतं? जोड वजन बघूनच लावतात. मग आपल्या शाळांत चौथीतल्या पोराला त्या गॅलरीच्या कठड्यावरून ठरलेली 10 फुटांवरची रिंग आणि मोठ्यांचा 7 नंबरचा चेंडू कशासाठी? ते पोर चेंडू कमरेपासून झोकून देतं, आणि तीच सवय हाताला लागते. फिबा या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या, लहान मुलांसाठीच्या मिनी बास्केटबॉलमध्ये रिंग 2.60 मीटरवर असते, म्हणजे साधारण साडेआठ फूट.

मे महिन्यात कोल्हापूरला येतोय. आमच्या जुन्या शाळेच्या खांबावर वरखाली सरकणारी रिंग बसवायचा विचार आहे: आतून 18 इंच व्यास, नटबोल्टवर साडेआठ, नऊ आणि दहा फूट अशा तीन उंचींना अडकणारी. आपल्या उद्यमनगरात हे काम म्हणजे किरकोळ. चांगला फॅब्रिकेटर कुणाच्या ओळखीत असेल तर कळवा. खर्चाचं मी बघतो, शाळेची परवानगी काढायचं काम आण्णांनी अंगावर घेतलंय.