बंदुकीचे कान टोचले

शनिवार, रात्री साडेनऊ

बोटांना अजून गंधकाचा वास येतोय. दोनदा साबण लावून झाला.

पहाटे अंधारातच डोंगर चढलो. दोन शिखरांमधल्या खिंडीत हरणांची रुळलेली वाट आहे. धार ओलांडायची तर हरीणही सोपी जागाच शोधतं. तिच्या थोडं खाली, आडव्या पडलेल्या झाडाआड बसलो. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते, त्यामुळे माझा वास त्यांच्यापर्यंत जाणार नव्हता. ऊन चढलं की वारा उलटतो आणि मग वरच्या बाजूला सरकावं लागतं. तेवढी दोन-अडीच तासांची संधी.

बसण्याआधी बंदूक ठासली. ती चकमकीच्या ठिणगीने उडणारी, दारू-गोळी तोंडाकडून भरायची. दारू ७० ग्रेन, म्हणजे जेमतेम साडेचार ग्रॅम. त्यावर चरबी लावलेली चिंधी आणि तिच्यात शिशाची गोल गोळी. गजाने ती थेट दारूवर टेकेपर्यंत दाबायची. मध्ये पोकळी राहिली तर नळी फुटू शकते, म्हणून गजावर खूण केलेली असते. खूण जुळली. नळीच्या बाजूच्या वाटीत चिमूटभर रंजक, म्हणजे आधी पेटणारी बारीक दारू, घातली, चकमक जिच्यावर झडते ती पोलादी पट्टी वाटीवर मिटली आणि ओल लागू नये म्हणून या सगळ्या कळीवर चामड्याचं झाकण बांधलं. सगळं कसं शिस्तीत!

साडेआठच्या सुमारास मादी आली. आधी पाचोळा वाजला. पण पाचोळा खारीही वाजवतात, आणि खार हरणापेक्षा मोठा आवाज करते हे नवख्याला पटत नाही. मग दोन झाडांच्या मध्ये कान हलला. चाळीस पावलं. गोल गोळीने मी साठच्या पुढे मारत नाही. झाकण काढलं, घोडा ओढला, तिने मान खाली घालायची वाट पाहिली. खांद्यामागे नेम धरला आणि चाप दाबला.

चकमक झडली, वाटीत भपकन जाळ झाला, आणि बस्स. तेवढंच.

मादीने दोन उड्या मारल्या, थांबली, वळून बघितलं, पुढचा खूर आपटला. मी नळी तशीच रोखून बसलो होतो. नेमबाजीसाठी नव्हे हो. रंजक पेटूनही बार उडाला नाही तर तो उशिराने उडू शकतो, म्हणून निदान मिनिटभर नळी सुरक्षित दिशेला धरून थांबावं लागतं. त्या मिनिटात आम्ही एकमेकांकडे बघत होतो. मग ती फुरफुरली आणि शेपटी उंचावून धारेपलीकडे गेली.

नळीच्या बुडाशी कान असतो, बारीकसं भोक. त्यातून जाळ आत जातो. तारेने तो टोचला तर तार काळी आणि तेलकट. तिथेच सगळं समजलं. मागच्या वेळी साफ केल्यावर गंज चढू नये म्हणून मीच नळीत भरपूर तेल फिरवलं होतं, आणि बंदूक तोंड वर करून कोपऱ्यात उभी केली होती. आठवडाभर तेल ओघळून बुडाशी साचलं. आज ठासण्याआधी कोरडी चिंधी फिरवायला विसरलो आणि त्या तेलावरच दारू ओतली. पाऊस नाही, धुकं नाही. माझ्याच काळजीने दारू भिजवली.

पुन्हा रंजक घातली, पुन्हा नुसता जाळ. तिसऱ्यांदा कानातून बारीक दारूचे चार कण आत सारले, समोरच्या मातीच्या बांधावर नळी रोखली. फुस्स... आणि मग कुठे धाड! पांढऱ्या धुराने खिंड भरली. त्यानंतर तिथे बसण्यात अर्थच नव्हता.

ज्या आजोबांनी मला ठासायला शिकवलं, ते असते तर एकच प्रश्न विचारला असता: "पुसलीस का रे?" कान सोनारानेच टोचावेत म्हणतात. आज बंदुकीनेच माझे टोचले.

घरी येऊन गरम पाण्याने नळी धुतली. काळ्या दारूची राख हवेतली ओल ओढून घेते, एका रात्रीतही गंज धरतो, त्यामुळे दमलो म्हणून टाळता येत नाही. आधी काळं पाणी, मग करडं, मग स्वच्छ. नळी कोरडी केली. तेल यावेळी थेंबभरच.

बंदूक आता तोंड खाली करून कोपऱ्यात उभी आहे, खाली वर्तमानपत्राची घडी. आत्ताच बघून आलो. कागदावर रुपयाएवढा डाग पडलाय.