सापाच्या पेटीसाठी लाकूड निवडताना

सापासाठी लाकडी पेटी करायची ठरली की पहिला प्रश्न हमखास असा येतो, की कोणते लाकूड विषारी आणि कोणते निर्धोक. प्रश्न रास्त असला तरी अर्धाच आहे. माझ्या मते झाडाचे नाव नंतर पाहावे. महिनोन्महिने ऊब आणि ओल सोसत असताना ती फळी बंद जागेतल्या हवेत काय सोडते, हे आधी पाहावे. ज्या फळीचे कपाट दिवाणखान्यात वर्षानुवर्षे कोणाला त्रास देत नाही, त्याच फळीची पेटी सापाला बाधू शकते, कारण कपाट कोणी 32 अंश सेल्सियसवर तापवत नाही आणि त्याच्या आत कोणी दिवसरात्र राहतही नाही. (कोणता साप पाळण्यास परवानगी आहे, हा कायद्याचा प्रश्न ज्याने त्याने आपल्या देशाच्या नियमांनुसार करवत हाती घेण्याआधीच सोडवलेला असावा.)

सापाची श्वसनव्यवस्था या बाबतीत फारशी सवलत देत नाही. बहुतेक सापांमध्ये उजवे फुप्फुसच खऱ्या अर्थाने कामाचे असते. डावे अगदी लहान असते किंवा नसतेच. अजगर आणि बोआ यांच्यात डावेही शाबूत असते, पण ते उजव्यापेक्षा लहान. उजव्या फुप्फुसाचा मागचा भाग पातळ पिशवीसारखा असून तिथे प्राणवायूची देवाणघेवाण जवळजवळ होत नाही. आपल्यासारखे मध्यपटल नसल्यामुळे श्वासमार्गात साठलेला चिकट स्राव खोकून टाकणेही सापाला साधत नाही. त्यात तो सदैव तळाला चिकटून असतो आणि जीभ बाहेर काढून हवेतले गंधकण टाळूतल्या जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचवत असतो. तीव्र वासाच्या पेटीत त्याचे जगणे किती कठीण होत असेल, याची कल्पना करता येते.

म्हणून सुगंधी लाकडे मी सरसकट बाद करतो. देवदार, ज्युनिपर आणि बाजारात सीडर म्हणून मिळणारे प्रत्येक लाकूड यात आले, मग ते मुळात कोणत्याही झाडाचे असो. ज्या तेलांमुळे या लाकडाच्या पेटीत ठेवलेल्या कपड्यांना कसर लागत नाही, तीच तेले इथे नकोशी आहेत. पश्चिमी लाल सीडरमधल्या प्लिकॅटिक आम्लामुळे लाकूड कापणाऱ्या कामगारांना दमा जडतो, हे वैद्यकशास्त्राला चांगले ठाऊक आहे. सापाला तर ती हवा सोडून जाण्याची सोयही नसते. कापूर आणि निलगिरी यांच्या लाकडालाही हाच न्याय लावावा. वरून व्हार्निशचे दोन हात दिले की तेल आत कोंडले जाते, असे काही जण सांगतात. मला तो युक्तिवाद पटत नाही, कारण व्हार्निशला एखादा ओरखडा गेला की तेवढी जागा उघडी पडतेच, आणि चांगले पर्याय उपलब्ध असताना हा जुगार खेळण्याचे कारण दिसत नाही.

चिडाच्या, म्हणजे पाइनच्या लाकडावरून सर्वांत जास्त वाद होतात. या लाकडात पिनीनसारखी उडून जाणारी द्रव्ये असतात आणि राळही असते. मात्र भट्टीत वाळवलेल्या फळीतून या द्रव्यांचा बराच भाग निघून गेलेला असतो, आणि वाळवताना तापमान साधारण 70 अंश सेल्सियसच्या पुढे नेलेले असेल तर राळ घट्ट बसते व पुढे सहसा पाझरत नाही. नुसत्या उन्हात वाळवलेल्या फळीबद्दल हे म्हणता येत नाही. फळी निवडताना गाठी नीट पाहाव्यात: गाठीभोवती पिवळसर, बोटाला चिकटणारा थेंब दिसला, तर दिवा किंवा हीटर लावल्यावर तिथून राळ ओघळणार हे ठरलेले आहे. भट्टीत वाळवलेला, कमी गाठींचा पाइन चौकटीसाठी मी वापरेन, परंतु उष्णता देणारे साधन जिथे बसवायचे आहे त्या भागात वापरणार नाही.

बर्च, पॉप्लर, बीच, मेपल ही लाकडे वासाच्या दृष्टीने सौम्य असून पेटीसाठी चांगली समजली जातात. सागही टिकाऊ आहे, पण तो अंगचाच तेलकट असल्यामुळे त्यावर लेप नीट धरत नाही. लेप देण्याआधी पृष्ठभाग द्रावकाने पुसून पूर्ण सुकू द्यावा लागतो. शिवाय कोणत्याही अखंड लाकडाची रुंद फळी ओल शोषून आडव्या दिशेने फुगते आणि सुकली की आक्रसते. बॉल पायथनसारख्या सापासाठी हवेतली आर्द्रता 60 टक्क्यांच्या आसपास राखावी लागते. एवढ्या आर्द्रतेत अखंड फळीची पेटी केली, तर सरकते दार खाचेत अडकू लागते आणि सांधे उघडतात. त्यामुळे विचार शेवटी प्लायवूडकडे वळतो, आणि प्लायवूड घ्यायचे म्हटले की लाकडाइतकेच गोंदाकडेही पाहावे लागते.

घरातल्या फर्निचरसाठी असलेल्या स्वस्त प्लायवूडमध्ये आणि एमडीएफमध्ये (लाकडाचे तंतू गोंदाने दाबून केलेल्या फळीत) बहुधा युरिया-फॉर्मल्डिहाइड गोंद असतो. ऊब आणि ओल एकत्र आली की हा गोंद हळूहळू विघटित होतो आणि त्यातून फॉर्मल्डिहाइड वायू सुटत राहतो. सापाच्या पेटीत नेमक्या याच दोन गोष्टी आपण जाणूनबुजून टिकवून धरत असतो. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये फॉर्मल्डिहाइडला माणसासाठी निश्चित कर्करोगकारक ठरवले, आणि त्याआधीच डोळे व श्वासमार्ग चुरचुरवणारा वायू म्हणून तो परिचित होता. बाहेरच्या वापरासाठीच्या आणि मरीन, म्हणजे पाण्याला टिकणाऱ्या, प्लायवूडमध्ये सहसा फिनॉल-फॉर्मल्डिहाइड गोंद असतो, तो ओलीला दाद देत नाही आणि त्यातून सुटणारा वायू कितीतरी कमी असतो. प्लायवूडची कापलेली कड उजेडात धरली, तर थरांच्या मधोमध गडद तपकिरी किंवा लालसर-काळ्या रेघा दिसतात. तो बहुधा फिनॉल गोंद. रेघा फिकट किंवा दिसतच नसतील, तर विक्रेत्याकडे उत्सर्जनाची, म्हणजे किती फॉर्मल्डिहाइड सुटतो याची, श्रेणी विचारावी आणि ई-1 ही कमी उत्सर्जनाची युरोपीय श्रेणी किंवा त्याहून कडक श्रेणीचा माल घ्यावा.

कड पाहतानाच आतल्या पोकळ्याही पाहून घ्याव्यात. मधल्या थरात तुकडे नीट भिडलेले नसतील तर काडी जाईल एवढ्या फटी राहतात. या फटींत सापाचे मूत्र मुरते, बुरशी धरते, आणि सापाच्या अंगावरचे रक्तपिपासू माइट (बारीक परजीवी जीव), जे टाचणीच्या डोक्याहून मोठे नसतात, तिथे निवांत अंडी घालतात. अशा कडांना लाकडाची लांबी, म्हणजे पुट्टी, भरून त्यावर लेप द्यावाच लागतो. मरीन प्लायवूडबाबत आणखी एक खातरजमा करावी: त्यातल्या काही प्रकारांना कीड आणि बुरशी लागू नये म्हणून रसायनांची प्रक्रिया केलेली असते, तेव्हा ‘मरीन’ एवढ्याच शिक्क्यावर विसंबू नये.

दाबाखाली रसायन मुरवलेले हिरवट झाकेचे लाकूड तर घेऊच नये. जुन्या लाकडात तांबे, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचे मिश्रण असण्याची शक्यता असते; अमेरिकेत घरगुती बांधकामासाठी त्याचा बहुतेक वापर 2003 अखेर थांबला, पण त्याआधीचे लाकूड अजून मोडीत फिरत असते. पॅलेटचे, म्हणजे मालवाहतुकीच्या लाकडी तराफ्याचे, लाकूड वापरायचे असेल तर त्यावरचा शिक्का वाचावा. ‘एचटी’ म्हणजे लाकडाच्या गाभ्याचे तापमान 56 अंशांवर 30 मिनिटे ठेवलेले असते. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइडची धुरी दिलेली असते, आणि ते लाकूड बाजूला ठेवावे. ‘एचटी’ असले तरी त्या पॅलेटवरून पूर्वी काय वाहिले गेले हे कळत नाही, म्हणून डाग पडलेली फळी मी नाकारतो.

शंका असेल तेव्हा एक साधी परीक्षा उपयोगी पडते. फळीचा ताजा कापलेला तुकडा काचेच्या बरणीत टाकावा, सोबत पाण्याचे दोन-चार थेंब, झाकण घट्ट लावून बरणी रात्रभर उबदार जागी ठेवावी. सकाळी झाकण उघडून लगेच नाकाशी धरावी. नाकात चुरचुरले किंवा राळेचा, औषधासारखा वास आला, तर ती फळी पुस्तकांच्या मांडणीला द्यावी. वास आला नाही म्हणजे सारे निर्वेध आहे असे मात्र नव्हे, कारण आर्सेनिकला वास नसतो.

लेपासाठी पाण्यावर आधारित पॉलियुरेथेन मला सर्वांत सोयीचे वाटते. त्याचे पातळ तीन-चार हात द्यावेत. विशेषतः कडा, स्क्रूची छिद्रे आणि तारांसाठी पाडलेली भोके सोडू नयेत, कारण पाणी तिथूनच आत शिरते. हाताला कोरडे लागणे आणि लेप पूर्ण पक्का होणे यांत तीन-चार आठवड्यांचे अंतर असू शकते. आतल्या सांध्यांवर बुरशीनाशक नसलेले, मत्स्यटाकीसाठीचे सिलिकॉन भरावे. ते पक्के होताना व्हिनेगरसारखा वास येतो, तो पूर्ण जाईपर्यंत थांबावे.

मग रिकाम्या पेटीत हीटर आणि थर्मोस्टॅट नेहमीच्या तापमानावर आठवडाभर चालू ठेवावेत, पाण्याचे भांडेही आत असावे, आणि रोज दार उघडल्या क्षणीच वास घेऊन पाहावा. साप सोडल्यानंतर तो तोंड उघडून श्वास घेताना, शिट्टीसारखा आवाज करताना किंवा तोंडाशी फेस आलेला दिसला, तर त्याला सरीसृपांच्या पशुवैद्याकडे न्यावे. अशा आजारामागे पुष्कळदा कमी तापमान किंवा कोंदट हवाही असते, तेव्हा दोष लाकडावर टाकण्याआधी थर्मामीटर आणि हवेची छिद्रे तपासावीत, आणि नव्या पेटीबद्दल पशुवैद्याला आवर्जून सांगावे.